किती टेस्ट चालवणार होतात?

माझं एक जुनं मत आहे आणि वर्षागणिक ते जास्तच पक्कं होत चाललंय. टेस्ट चालवणारं टूल 'पास' कसं दाखवतं याला काडीचीही किंमत नाही. हिरवी पट्टी दाखवा, टिकमार्क दाखवा, रॉकेट उडवा, तुमची मर्जी. पण जी टेस्ट चालायला हवी होती आणि चाललीच नाही, तिच्याबद्दल ते टूल काय बोलतं, यावरून त्याची लायकी ठरते. बरीच नावाजलेली टूलं नेमकी इथेच माती खातात. आणि पर्लच्या जमान्यातलं, टर्मिनलवर चार ओळी छापून गप्प बसणारं एक म्हातारं टूल इथे डिस्टिंक्शनमध्ये पास होतं. त्याचं नाव प्रूव्ह.

तर मंडळी, आजचा लेख प्रूव्हबद्दल. मध्ये एक चक्कर खडकवासल्याला मारायची आहे. (नाही, कणीस आणि कांदाभजी खायला नाही. तो विषय वेगळा आणि जास्त गंभीर आहे. :) ) तिथे धरणाच्या खालच्या अंगाला काही मंडळी कित्येक दशकं टेस्टिंगच करत बसली आहेत, आणि आपल्या धंद्याला त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

आधी प्रश्न काय ते बघू. एका आधीच्या हापिसात (नाव महत्त्वाचं नाही, पुण्यात अशी हापिसं पैशाला पासरी) रोज रात्री दोन वाजता सगळ्या टेस्ट चालायच्या आणि सकाळी सगळ्यांना मेल यायची: 'बिल्ड यशस्वी'. मेल उघडून वाचायची तसदी कुणी घ्यायचं नाही. विषय हिरवा दिसला की डिलीट. एकदा दुसऱ्या एका टीमने साफसफाईच्या नावाखाली फोल्डरांची नावं बदलली. रात्रीची स्क्रिप्ट मात्र जुन्याच पत्त्यावर जात राहिली. तिथे आता एकही टेस्ट नव्हती. टूल तिथे गेलं, इकडेतिकडे बघितलं, काही सापडलं नाही. काहीच चाललं नाही म्हणजे काही नापासही झालं नाही. निकाल: ओके. पुढचे जवळजवळ तीन आठवडे रोज सकाळी 'बिल्ड यशस्वी'.

हे लक्षात आलं ते एका टेस्टरमुळे. ती म्हणाली, "अरे, हे आधी चाळीस मिनिटं चालायचं ना? आता दोन मिनिटांत कसं आटपतंय?" त्याच्या आदल्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी बिल्ड फास्ट झाल्याबद्दल सगळ्यांचं कौतुक केलं होतं. तोपर्यंत व्याजाच्या हिशोबातली एक चूक ग्राहकांपर्यंत पोचली होती, आणि शिव्या खात होती ती फोनवर बसलेली सपोर्टची पोरं. ती चूक पकडणारी टेस्ट होती. लिहिलेली होती, बरोबर लिहिलेली होती. फक्त चालत नव्हती.

ही काही एकाच हापिसाची रड नाही. पायथनसोबत येणारं युनिटटेस्ट वर्षानुवर्षं असंच वागायचं. एकही टेस्ट सापडली नाही तर '० टेस्ट चालल्या' असं छापायचं आणि खाली ऐटीत 'ओके'. २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ पासून ही सवय सुटली. आता ते 'एकही टेस्ट चालली नाही' असं सांगतं आणि एक्झिट कोड ५ देतं. (ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी: एक्झिट कोड म्हणजे प्रोग्रॅम संपताना मागे ठेवून जातो तो आकडा. शून्य म्हणजे सगळं ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. तुमच्या कंपनीतलं अर्धं ऑटोमेशन या एका आकड्यावर उभं असतं.) पायटेस्ट हे शहाणपण आधीपासून दाखवत होतं, कोडही तोच, ५. जावास्क्रिप्टवाल्यांचं जेस्ट टेस्ट सापडली नाही तर नापास होतं, पण 'टेस्ट नसल्या तरी पास म्हण' असा एक पर्यायही हाताशी देतं. त्याला योग्य कारणं असू शकतात, मान्य. तरी एखाद्या प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये तो दिसला की मी आधी विचारतो, हा कुणी आणि कधी टाकला?

आता प्रूव्हकडे येऊ. प्रूव्ह समजायचा तर आधी टॅप समजायला हवं. टॅप म्हणजे टेस्ट एनीथिंग प्रोटोकॉल. नाव भारदस्त असलं तरी प्रकरण अगदी साधं आहे. १९८७ साली लॅरी वॉलने पर्लची पहिली आवृत्ती काढली, तेव्हा पर्लच्याच टेस्ट तपासायला त्याने एक छोटी पद्धत पाडली होती. प्रत्येक टेस्टने एक ओळ छापायची. जमलं तर 'ओके' आणि नंबर, नाही जमलं तर 'नॉट ओके' आणि नंबर. आणि एका ओळीत सांगायचं की एकूण किती टेस्ट आहेत. पुढे टिम बन्स आणि आंद्रेआस क्योनिग यांनी ही पद्धत टेस्ट हार्नेस नावाच्या मॉड्यूलमध्ये बांधली, म्हणजे कुठल्याही पर्लवाल्याला ती वापरता यायला लागली. त्यावर अँडी लेस्टरने कमांड लाइनवरून चालवायचं टूल लिहिलं, तेच प्रूव्ह. आजही पर्लबरोबर ते येतं. म्हणजे तुमच्या लिनक्सच्या मशीनवर ते बहुधा आत्ता, या क्षणी, झोपलेलं आहे.

एक उदाहरण घेऊ. पावसाळा आला की पुण्यात दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात: टीएमसी आणि क्युसेक. समजा तुम्ही हौसेने धरणसाठ्याचा हिशोब करणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिलीत आणि तिच्यासाठी चार टेस्ट लिहिल्यात. टॅपमध्ये निकाल साधारण असा दिसेल. (टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत. इथे देवनागरीत लिहितोय.)

१..४
ओके १ - एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट
ओके २ - चार धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी
नॉट ओके ३ - दिवसाला एक टीएमसी म्हणजे ११,५७४ क्युसेक
# मिळालं: १,१५७
# हवं होतं: ११,५७४

बास. आता हे नीट वाचा. दुसऱ्या टेस्टमध्ये टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५ आणि खडकवासला १.९७ यांची बेरीज आहे, ती बरोबर आली. (बघा, ज्याचं नाव सगळ्या साखळीला दिलंय ते खडकवासला चौघांत सगळ्यात लहान.) तिसरीत कुणीतरी भागाकारात एक शून्य जास्त घातलंय. शंभर कोटी घनफुटांना दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागायचं, तिथे ८,६४,००० ने भागलं. हे तुम्हाला कुठलाही डॅशबोर्ड न उघडता, कुठेही लॉगिन न करता, मोबाइलवर अर्धवट झोपेतसुद्धा कळतं. काय मिळालं, काय हवं होतं, दोन ओळी.

पण खरी गंमत चौथीत आहे. चौथी कुठाय?

ती आलीच नाही. स्क्रिप्ट तिसरीनंतर कशाने तरी मेली. इथे ती पहिली ओळ, '१..४', कामाला येते. टॅपमध्ये या ओळीला प्लॅन म्हणतात. टेस्टच्या फाइलने आधीच जाहीर केलंय की मी चार चालवणार. तीनच आल्या, म्हणजे प्रूव्ह ठणकावून सांगतो: चार ठरल्या होत्या, तीन चालल्या, प्लॅन चुकला, फाइल नापास. समजा तिसरीही ओके आली असती, म्हणजे चाललेल्या सगळ्याच्या सगळ्या टेस्ट पास झाल्या असत्या, तरीही फाइल नापासच. शंभर टक्के पास आणि तरी नापास! लग्नाच्या पंगतीला चारशे पानं मांडायची ठरली असतील आणि तीनशेच मांडली गेली असतील, तर 'जेवले ते सगळे तृप्त झाले' हा अहवाल कुणी ऐकून घेईल का? उपाशी राहिलेले शंभर जण आधी विचारणार.

माझ्या मते टेस्टिंगच्या टूलांच्या इतिहासातली ही सगळ्यात कमी कौतुक झालेली कल्पना आहे. आधी आकडा सांगा, मग काम करा, मग आकडा जुळवा. किराणावाला हेच करतो, बँकेचा कॅशियर हेच करतो. सॉफ्टवेअरवाल्यांना मात्र हे भयंकर जाचक वाटतं.

वाटतं, कारण त्यात त्रास आहे, हे खरंय. प्रत्येक नवी टेस्ट लिहिली की वरचा आकडा वाढवा. दोघांनी एकाच वेळी टेस्ट घातल्या की दोघांचे आकडे भांडतात. म्हणून पर्लवाल्यांनीच पुढे एक तडजोड काढली. आकडा आधी सांगायची गरज नाही, पण फाइलच्या शेवटी 'माझं चालवून झालं' असं जाहीर करायचं. तेव्हा प्लॅनची ओळ शेवटी छापली जाते. स्क्रिप्ट मध्येच मेली तर ती ओळ येत नाही, आणि प्रूव्ह म्हणतो, प्लॅनच नाही, नापास. मधल्यामध्ये एखादा लूप दहाऐवजी पाचदाच फिरला तर हे पकडणार नाही, पण निम्म्यात दम तोडलेली फाइल नक्की पकडेल. मला ही तडजोड मान्य आहे. मला मान्य नाही ते एवढंच की दोन्हींपैकी काहीच करायचं नाही आणि वर हिरवी पट्टी मिरवायची.

टॅपमध्ये अजून एक मोठेपणा आहे. ओके आणि नॉट ओके यांच्या मधल्या गोष्टींनाही त्याच्याकडे जागा आहे. टेस्ट मुद्दाम चालवली नसेल तर 'स्किप' लिहायचं आणि पुढे कारण: या मशीनवर डेटाबेस नाही वगैरे. काम अजून झालंच नसेल, टेस्ट नापास होणार हे माहीतच असेल, तर 'टूडू' लिहायचं. टूडूवाली टेस्ट नापास झाली तर गाडी थांबत नाही. पण ती एक दिवस अचानक पास झाली तर प्रूव्ह तेही कळवतो, की अहो, ही आता चालतेय, टूडू काढा. आणि पुढे जाण्यात अर्थच नसेल तर 'बेल आउट' म्हणून सगळंच थांबवता येतं. म्हणजे एखादी गोष्ट तपासली नाही हे सांगायला त्याच्याकडे शब्द आहेत. आपल्याकडे स्टेटस मीटिंगमध्ये दोनच शब्द असतात, 'डन' आणि 'ऑलमोस्ट डन'. :)

गिटवाल्यांनाही ही तिसरी शक्यता ठाऊक आहे. कुठल्या बदलापासून गोष्ट बिघडली हे शोधायला गिट बायसेक्टला एक स्क्रिप्ट देता येते. ती ० म्हणाली तर ही आवृत्ती चांगली, १ म्हणाली तर बिघडलेली, आणि १२५ म्हणाली तर 'या आवृत्तीबद्दल मला काही सांगता येत नाही, हिला वगळा'. 'सांगता येत नाही' यासाठी एक वेगळा आकडा राखून ठेवणाऱ्या माणसाला मी मनापासून नमस्कार करतो.

"पण पर्ल कोण वापरतं आता?" हा प्रश्न येणारच. पर्ल वापरू नका. टॅपला भाषेशी देणंघेणं नाही, 'ओके १' अशी ओळ छापता येणारी कुठलीही भाषा चालते. गिटच्या स्वतःच्या टेस्ट शेल स्क्रिप्टमध्ये आहेत, त्या टॅप बोलतात आणि प्रूव्हखाली चालवता येतात. पोस्टग्रेस डेटाबेसच्या टेस्टचा एक मोठा भाग प्रूव्हच चालवतो. लिनक्स कर्नलच्या टेस्टमध्ये टॅपचीच एक बोली चालते, केटॅप नावाची. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर जग चालतं, तिथे हे म्हातारबुवा अजून कामावर आहेत. आपल्या तीन स्क्रीनच्या ॲपला मात्र ते जुनाट वाटतात.

आता खडकवासला.

सिंहगड रोडने धरणाकडे जाताना एक भलंमोठं सरकारी आवार लागतं, सीडब्ल्यूपीआरएसचं. केंद्र सरकारची पाणी आणि वीज यावरची संशोधन संस्था. आपण शनिवार-रविवारी तिच्यासमोरून ट्रॅफिकला शिव्या घालत जातो. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ मध्ये तिची सुरुवात केली, १९३६ मध्ये ती भारत सरकारकडे गेली. इथे क्लॉड इंग्लिस नावाचे इंजिनिअर प्रमुख होते, तेच पुढे इंग्लंडमधल्या वॉलिंगफर्डच्या हायड्रॉलिक्स संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. म्हणजे पुण्यातून ऑनसाइट गेलेल्या टेस्टिंगवाल्यांत त्यांचा नंबर बराच वरचा लागेल.

इथे धरणांची, नद्यांची, बंदरांची छोटी मॉडेलं बांधतात आणि त्यांतून खरंखुरं पाणी सोडून बघतात. सांडव्यावरून पाणी कसं उतरेल, बंदरात लाट कुठे आदळेल, गाळ कुठे साचेल, हे खऱ्या काँक्रीटवर कोट्यवधी ओतण्याआधी कळावं म्हणून. हिशोब मोठा मजेदार असतो. फ्राउडच्या नियमाप्रमाणे मॉडेल लांबीत १ ला १०० या प्रमाणात केलं, तर पाण्याचा वेग दहा पटीने कमी होतो, वेळही दहा पटीने आटते आणि विसर्ग एक लाख पटीने कमी होतो. म्हणजे खऱ्या धरणातून एक लाख क्युसेकचा पूर यायचा असेल, तर मॉडेलमध्ये एक क्युसेक सोडायचा, सेकंदाला साधारण २८ लिटर. खरा दिवस मॉडेलमध्ये दोन तास चोवीस मिनिटांत संपतो.

पण मुद्दा पुढे आहे. नदीचं किंवा बंदराचं मॉडेल बांधलं म्हणजे लगेच त्यात नवीन बंधारा ठेवून निकाल काढत नाहीत. आधी ते मॉडेल 'प्रूव्ह' करतात. हो, शब्द हाच. जागेवर प्रत्यक्ष मोजलेल्या पातळ्या, वेग, प्रवाहाच्या दिशा घ्यायच्या आणि मॉडेलमध्ये तेच येतंय का बघायचं. नाही आलं तर मॉडेलच्या तळाचा खडबडीतपणा कमीजास्त करायचा, पुन्हा पाणी सोडायचं, पुन्हा मोजायचं. जे आधीच ठाऊक आहे ते मॉडेल बरोबर सांगायला लागलं, की मगच त्याला जे ठाऊक नाही ते विचारायचं. शिवाय या मंडळींना मॉडेल काय सांगू शकत नाही हेही पक्कं माहीत असतं. धरण शंभर पट लहान केलं तरी पाण्याचा पृष्ठताण लहान होत नाही, त्यामुळे हवेचे बुडबुडे मॉडेलमध्ये खऱ्यासारखे वागत नाहीत. तिथे मॉडेलचा शब्द अखेरचा धरत नाहीत.

आपण टेस्ट प्रूव्ह करतो का? टेस्ट लिहिली, हिरवी झाली, पुल रिक्वेस्ट टाकली, चहाला गेलो. पण ती टेस्ट नापास होऊ शकते का, हे कुणी बघितलं? खडकवासल्याचा नियम आपल्याकडे आणायचा तर तो असा: कोडमध्ये मुद्दाम एक चूक करा, वरच्यासारखं एक शून्य वाढवा, आणि टेस्ट लाल होते का बघा. झाली, तर चूक काढा आणि टेस्टवर विश्वास ठेवा. नाही झाली, तर ती टेस्ट म्हणजे भिंतीवर लावलेलं बंद घड्याळ. याला दोन मिनिटं लागतात. पाणी भरावं लागत नाही, तळ खरवडावा लागत नाही.

आणि याच्या नेमकं उलटं काय करतो आपण? टेस्ट कधी पास, कधी नापास होते म्हणून तीनदा चालवायची सोय करतो. तिसऱ्यांदा पास झाली की पास. नेटवर्क खरंच लहरी असतं, एखाद्या ठिकाणी हे समजू शकतो. पण त्या अहवालात 'दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास' असं लिहिलेलं असतं का? बहुतेक ठिकाणी नुसतं 'पास' असतं. तीन वेळा पाणी सोडलं, दोनदा भिंतीवरून गेलं, एकदा नाही गेलं, सबब धरण सुरक्षित, असं कुणी लिहून दिलं तर?

ज्या धरणाच्या खाली ही संस्था बसली आहे, त्याचाही इतिहास आहे. १२ जुलै १९६१. वरच्या अंगाला पानशेत धरणाचं काम पूर्ण व्हायच्या आत त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. पाणी सोडायच्या मार्गाच्या दरवाजांचं काम पुरं झालेलं नव्हतं. पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही फुटली, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या घरात विचारा, पाणी कुठवर चढलं होतं ते अजून सांगतात. धरणफुटीची आणि सॉफ्टवेअरच्या बगची तुलना फार ताणू नये, ताणणाऱ्याला लाज वाटायला हवी. मी एवढंच म्हणतो की 'यातलं काय अजून झालेलं नाही' ही ओळ कुठल्याही अहवालात सगळ्यात वर, सगळ्यात ठळक हवी. तारीख जवळ आली की तीच ओळ सगळ्यात आधी गायब होते. टूलचं काम ती ओळ गायब होऊ न देणं हे आहे, कारण त्या वेळी माणसांवर दबाव असतो आणि टूलवर नसतो.

हे आत्ताच लिहावंसं वाटायचं अजून एक कारण आहे. आता कोडही एआय लिहून देतं आणि टेस्टही तेच लिहून देतं. दुपारी जेवून येईपर्यंत दोनशे टेस्ट तयार, सगळ्या हिरव्या. वेगाबद्दल माझी तक्रार नाही, मीही वापरतो. पण नापास होणारी टेस्ट पास करून दे म्हटलं की दोन रस्ते असतात: कोड सुधारणं किंवा टेस्ट सैल करणं. दुसरा रस्ता जवळचा आहे, आणि तो माणसांनाही जवळचाच वाटायचा. कालपर्यंत ३१२ टेस्ट होत्या, आज ३०९ आहेत, आणि निकाल 'सर्व पास'. त्या तीन कुठे गेल्या? हे विचारायला कुणीतरी आधीचा आकडा लिहून ठेवलेला असायला हवा. हाताने दहा टेस्ट लिहायचो तेव्हा त्या डोक्यात राहायच्या, दोनशे कुणाच्या डोक्यात राहणार?

प्रूव्हची एक मर्यादा सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. प्लॅन हा फाइलच्या आत असतो. फाइलच गायब झाली तर तिच्याबरोबर प्लॅनही गायब. फोल्डर रिकामा असेल तर प्रूव्ह निकालाच्या जागी 'पास' न लिहिता 'नोटेस्ट्स' लिहितो, हे ठीक, पण दहापैकी एकच फाइल उडाली तर तो गप्प. तेव्हा फाइल किती होत्या याचा आकडा तुम्हालाच कुठेतरी बाहेर धरून ठेवावा लागतो.

तर सोमवारी हापिसात गेल्यावर करायच्या चार गोष्टी, प्रूव्ह वापरा किंवा नका वापरू:

१. टेस्टचा फोल्डर तात्पुरता दुसरीकडे हलवा आणि बिल्ड चालवा. हिरवं आलं तर चहा सोडून आधी ते दुरुस्त करा.

२. टेस्टचा निकाल लॉगमध्ये जावा म्हणून तो पुढच्या कमांडकडे पाइप केलाय का बघा. शेल अशा वेळी शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड देतो. टेस्ट नापास झाल्या तरी लॉग लिहिणारी कमांड यशस्वीच असते. बॅशमध्ये यावर पाइपफेल नावाचा पर्याय आहे, तो चालू करा.

३. निकालाच्या मेलच्या विषयातच आकडा टाका. 'बिल्ड यशस्वी' ऐवजी '३१२ पैकी ३१२, स्किप ४'. आणि एकूण आकडा कालच्यापेक्षा कमी झाला तर बिल्ड नापास करा. कमी करायचा असेल तर माणसाने येऊन मुद्दाम बदलावा, म्हणजे कुणी केला ते कळेल.

४. स्किप केलेल्या प्रत्येक टेस्टपुढे कारण आहे का बघा. कारण नसलेली स्किप म्हणजे गुपचूप पुसलेली टेस्ट.

यात नवीन टूल विकत घ्यायला लागत नाही, मॅनेजरची परवानगी लागत नाही, आणि सगळं मिळून अर्धा दिवससुद्धा जात नाही. त्या टेस्टरने जो प्रश्न विचारला होता, तो रोज रात्री मशीनने विचारावा, एवढीच अपेक्षा. दरवेळी कुणीतरी हुशार माणूस घड्याळाकडे बघत बसलेलं असेल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

असो. फार लांबलं. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो. कांदाभजीचा विषय अजून बाकीच आहे.